वस्तूची जागा

आमच्या तेरखेड्यात दारूला जागा असते. दारू म्हणजे फटाक्यांची. दुसऱ्या दारूविषयी मी येथे बोलत नाही, तिला धरबंद नसतो हे सर्वांना ठाऊकच आहे. सोलापूरहून बीडकडे निघालेला प्रवासी येरमाळा मागे टाकून पुढे आला, की रस्त्याच्या कडेला फटाक्यांच्या दुकानांच्या पाट्या दिसू लागतात आणि वाशी तालुक्यातले हे आमचे गाव आले, असे तो ओळखतो. दिवाळीत दूरदूरच्या गावांतली मुले जो आवाज करतात, त्यातला काही आवाज आमच्या गावच्या माणसांच्या बोटांखालून गेलेला असतो. ज्या गावाचे पोट अशा धंद्यावर चालते, त्या गावाला एक शहाणपण पुस्तकावाचून येते. ज्या वस्तूत जोर आहे, तिला ठरलेली जागा पाहिजे. दारू चुलीजवळ ठेवायची नाही, माणसे निजतात तिथे ठेवायची नाही, एका ठिकाणी फार साठवायची नाही. १८८४ चा स्फोटक पदार्थांचा कायदा आणि २००८ चे नियम हेच सांगतात; कोठारापासून वस्ती किती अंतरावर हवी, हे त्यांत ठरवून दिलेले आहे. परंतु कायद्याची भाषा न कळणाऱ्या म्हातारीलाही ही गोष्ट कळते. जोराची वस्तू जागा सोडून भटकू लागली तर काय होते, हे अशा धंद्याच्या गावांना रडून शिकावे लागते.

आपल्या जुन्या घरांची रीत तरी याहून वेगळी कोठे होती? चूल कोपऱ्यात, जाते सोप्यात, दिवा कोनाड्यात, रांजण दाराशी, देव देव्हाऱ्यात. विस्तव घरात होता, पण घरभर नव्हता. ज्याला विस्तव हवा तो चुलीपाशी जाई. दळण दळायचे असेल तर जात्यापाशी बसावे लागे, आणि दळण संपले की उठावे लागे. वस्तूला जागा होती म्हणून कामाला आरंभ होता व शेवट होता. ही गोष्ट इतकी साधी आहे की तिच्यात काही नीती आहे, असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसेल.

आज ती मनात येते याचे कारण संगणक. शाळामास्तर असल्यामुळे ‘संगणक : शाप की वरदान’ या विषयावरचे निबंध मी आजवर शेकड्यांनी वाचले आहेत. पहिल्या परिच्छेदात वरदान, दुसऱ्यात शाप, आणि तिसऱ्यात ‘वापरणाऱ्यावर अवलंबून’ असा निवाडा. मुलांना मी गुण देतो. पण प्रश्नच नीट मांडलेला नाही, असे मला वाटत आले आहे. विस्तव शाप की वरदान, असे आपण विचारत नाही. विस्तव कोठे आहे, असे विचारतो. संगणकाविषयीही तोच प्रश्न पहिला असावा. त्याची जागा कोणती? मेज, की खिसा?

कारण खिशातला मोबाइल हाही संगणकच आहे, आणि एके काळच्या संगणकांहून कितीतरी बलवान आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या देशात बनविलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली काम करू लागला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. निर्वात नळ्यांवर चालणारे ते यंत्र खोली व्यापून बसलेले होते; माणसाला त्याच्याकडे जावे लागे. पुढे १९८१ साली आय.बी.एम. कंपनीचा वैयक्तिक संगणक आला आणि खोलीतले यंत्र मेजावर आले. नंतर ते मेजावरून मांडीवर आणि मांडीवरून खिशात उतरले. या प्रवासाला आपण प्रगती म्हणतो, आणि एका अर्थाने ती आहेच. पण या प्रवासात यंत्राने एक गोष्ट वाटेत टाकून दिली, ती म्हणजे जागा. आता ते आपल्याबरोबर जेवते, आपल्याबरोबर निजते, आणि अंत्ययात्रेतही आपल्याबरोबर चालते.

करोनाच्या दिवसांनंतर मी एक जुना मेजावरचा संगणक घेतला. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. यंत्राच्या पोटात काय चालते हे मला फारसे समजत नाही. तथापि चार-पाच वर्षे त्याच्याशी संसार केल्यावर त्याचे फायदे कोणते, हे मी सांगू शकतो. आणि नवल असे, की त्यांतले बहुतेक फायदे त्याच्या बुद्धीतून आलेले नसून त्याच्या जडपणातून आलेले आहेत.

पहिला फायदा बैठकीचा. ‘बैठक’ हा आपल्या भाषेतला मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. गवयाची बैठक असते, अभ्यासाला बैठक लागते, विचारालाही बैठक असावी असे आपण म्हणतो. पहिलवानाची बैठक निराळी, पण तीही मोजून काढावी लागते! बैठक म्हणजे शरीराने एका जागी ठरणे, म्हणजे मागून मनही ठरते. मेजावरच्या संगणकाकडे जाताना मनुष्य काही ठरवून जातो. पत्र लिहायचे आहे, निकालपत्रक करायचे आहे, सातबारा पाहायचा आहे. काम झाले की तो यंत्र बंद करतो आणि उठतो. या ‘उठण्या’ला मी फार किंमत देतो. मोबाइलपाशी कोणी बसत नाही, म्हणून त्याच्यापासून कोणी उठतही नाही. उभ्याने, चालताना, लोळताना तो हातात असतो. आणि वेळ पाहण्यासाठी हातात घेतलेल्या त्या वस्तूने आपला अर्धा तास कधी खाल्ला, ते कळत नाही. मेजावरच्या यंत्रावरही वेळ वाया घालविता येतो, हे मला मान्य आहे. पण तिथे निदान पाठ दुखू लागते. परमेश्वराने दिलेली ती घंटाच समजावी.

दुसरा फायदा असा, की तो घराचा असतो. मोबाइल माणसाचा असतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि धडे मोबाइलवरून सुरू झाले, तेव्हा हा भेद मला डोळ्यांनी दिसला. घरात मोबाइल एकच, तो वडिलांचा, आणि वडील सकाळी कामाला गेले की शाळाही त्यांच्या खिशात बसून शिवाराकडे जाई. पोरगे संध्याकाळपर्यंत वाट पाही. संध्याकाळी बापाला घरी यायला उशीर झाला, की त्या दिवशी शाळा भरलीच नाही असे समजायचे. घरात दोन भावंडे असली तर धाकटीची पाळी सर्वांत शेवटी येई. चूल बाहेर नेता येत नाही म्हणून घरात सर्वांना भाकरी मिळते. जी वस्तू हलत नाही, ती घरात मागे राहिलेल्यांची असते. आणि घरात मागे राहतात ती मुले, म्हातारी माणसे आणि बायका.

शिवाय एका पडद्याभोवती चार डोकी जमतात. १९९९ साली दिल्लीच्या कालकाजी भागात डॉ. सुगत मित्र यांनी एक संगणक भिंतीत बसवून वस्तीतल्या मुलांसाठी खुला ठेवला होता. शिकवायला कोणी नव्हते. एकाने हात लावायचा, दोघांनी सुचवायचे, चौथ्याने ‘तसे नव्हे, असे’ म्हणायचे, अशा रीतीने मुले पुष्कळसे आपसांत शिकली. त्या प्रयोगाच्या मर्यादांविषयी विद्वानांत पुढे वाद झाले, पण घोळक्याने शिकणे हे त्यातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आमच्या घरी आषाढीला पंढरपूरचे दर्शन पडद्यावर लावतो, तेव्हा माझी आई खुर्चीवर बसते आणि आम्ही सारे तिच्याभोवती उभे असतो. तेच दर्शन मोबाइलवर एकाएकाने घेतले असते, तर ते दर्शन झाले असते, पण आषाढी झाली नसती.

तिसरा फायदा दोन्ही हातांचा. मोबाइलवर आपण अंगठ्याने जगतो. अंगठा ढकलण्याच्या कामाचा, घडविण्याच्या नव्हे. पाहणे, सरकवणे, पसंतीची खूण करणे एवढे त्याला जमते. पण अर्ज, हिशेब, नकाशा, कादंबरी हे दहा बोटांचे काम आहे. मराठी टंकलेखनासाठी इन्स्क्रिप्ट नावाची जी प्रमाण मांडणी आहे, तिच्यात स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताकडे ठेवलेली आहेत. म्हणजे उजव्या हाताने ‘क’ द्यावा आणि डाव्याने त्याला काना द्यावा, तेव्हा ‘का’ होतो. दोन हात एकमेकांना साथ देत नाहीत तोवर शब्द पुढे सरकत नाही. हीच मांडणी कन्नड, तेलुगू, गुजराती अशा लिप्यांनाही चालते; ज्याला मराठी टंकता येते, त्याची बोटे कन्नड अक्षरांच्या जागाही जाणतात. माझ्या दोन कादंबऱ्या या फळीवर लिहून झाल्या. हाताने लिहिताना एखादे प्रकरण आरंभीचे शेवटी न्यायचे म्हणजे मी आळस करीत असे. आता तो आळस करायला सबब उरली नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना पडद्यावर पाहता सर्वांनाच येते. पडद्यावर काही करता येणारी थोडी आहेत. पाहणारा आणि करणारा यांतले अंतर हे या काळातले नवे जातिभेदासारखे अंतर होऊ पाहत आहे, आणि म्हणून मास्तर या नात्याने हा तिसरा फायदा मला केवळ सोयीचा वाटत नाही.

चौथा फायदा मालकीचा. आपण वस्तू विकत घेतली म्हणजे ती आपली झाली, असे नव्हे. जी उघडता येते, दुरुस्त करता येते आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलता येते, ती आपली. आय.बी.एम.ने १९८१ चे आपले यंत्र बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून बांधले आणि त्याची तांत्रिक माहिती छापून दिली. त्यामुळे तशीच यंत्रे इतरांनाही बांधता येऊ लागली. त्या मोकळेपणाचे फळ बार्शीच्या बाजारापर्यंत येऊन पोहोचले आहे. कळफलक बिघडला तर कळफलक बदलावा, स्मृतीची पट्टी कमी पडली तर दुसरी घालावी, वीजपुरवठ्याची पेटी जळाली तर तेवढीच नवी बसवावी. बैलगाडीचे चाक बदलले म्हणून गाडी टाकून देत नाहीत, तसे हे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा विनामूल्य आधार कंपनीने थांबविला. तरी जुन्या यंत्राच्या धन्याला दुसरी वाट होती व आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली आरंभिलेली लिनक्स ही प्रणाली फुकट मिळते आणि जुन्या यंत्रांनाही पुष्कळदा नवे आयुष्य देते. मोबाइलचे पोट शिवलेले असते. तो पुष्कळदा बिघडण्याआधीच जुना ठरविला जातो, आणि ठरविणारे आपण नसतो.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मास्तर, हे सारे ज्याच्या घरी मेज आहे त्याला सांगा. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला बगल देऊन पुढे जाणे बरे नव्हे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत आपल्या देशातल्या ग्रामीण घरांपैकी शेकडा ४.४ घरांतच संगणक आढळला. शहरांत हे प्रमाण शेकडा २३.४ होते. त्यातही मांडीवरचे व हातातले संगणक धरलेले आहेत. मेजावरच्या संगणकाला आधी मेज लागते, मेजाला भिंत लागते, आणि भिंतीतून वीज यावी लागते. वीज गेली की हे आमचे विद्वान यंत्र मुकाट्याने डोळे मिटते; मोबाइल मात्र तसाच जागा राहतो.

वारणेचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी कारखान्याच्या परिसरात, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गावांसाठी संगणकांची योजना सुरू झाली. आपला ऊस किती भरला, बिल किती झाले, हे शेतकऱ्याला गावातच कळावे, हा हेतू. पुढे संशोधकांनी पाहिले तो संगणक मुख्यतः एवढ्याच कामापुरते वापरले जात होते. तेव्हा सात गावांत संगणकाच्या जागी साधे मोबाइल संदेश वापरून पाहिले. काम तेवढेच झाले, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ते अधिक सोयीचे वाटले. आज २०२१ पासून राज्यभर चाललेली ई-पीक पाहणीही शेतकरी बांधावर उभा राहून मोबाइलवरच करतो. मेज काही बांधावर नेता येत नाही.

मला यावरून एवढेच दिसते, की निरोप द्यायचा, नोंद करायची, वजन विचारायचे, ही कामे चालत्या माणसाची आहेत आणि त्यांना चालते यंत्र हवे. पण शिकणे, लिहिणे, हिशेब समजून घेणे ही बसत्या माणसाची कामे आहेत. शेतकऱ्याला उसाचे वजन कळणे हा एक हक्क झाला. त्या वजनाचा पाच वर्षांचा तक्ता मांडून ‘हे असे का?’ असे विचारता येणे हा दुसरा. पहिला हक्क खिशात मावतो. दुसऱ्याला मेज लागते. आणि ते मेज प्रत्येक घरी नसेल, तर शाळेत, वाचनालयात, ग्रामपंचायतीत असावे. रांजण दाराशी असला तरी विहीर गावाचीच असते. ज्या घरी मेज आहे, त्याने शेजारच्या पोराला दार उघडे ठेवावे, हेही त्यात आलेच.

याहून कठीण आक्षेप माझ्या घरातूनच आला. ‘संगणक सर्वांसमोर असतो, म्हणून मुले वावगे काही पाहत नाहीत’ असा त्याचा आणखी एक फायदा मी एकदा जेवताना सांगत होतो. दहावीतली माझी मुलगी म्हणाली, “बाबा, सर्वांसमोर म्हणजे तुमच्यासमोर ना?” मी म्हणालो, “म्हणजे काय?” ती म्हणाली, “एखाद्या मुलीला डॉक्टरला विचारायचा प्रश्न वाचायचा असेल, किंवा लग्न नको, शिकायचंय म्हणून वसतिगृहाची माहिती काढायची असेल, तर ती सोप्यातल्या मेजावर कशी काढील?” पत्नी काही बोलली नाही, भाकरी वाढता वाढता तिने माझ्याकडे पाहिले मात्र.

या प्रश्नाचे उत्तर मी बरेच दिवस शोधीत होतो. जुन्या घरांत वस्तूला जागा होती हे मी वर मोठ्या कौतुकाने लिहिले. पण त्या घरांत माणसांनाही जागा नेमून दिलेल्या होत्या, आणि चुलीपाशी कोणाला बसावे लागे, हे सर्वांना ठाऊक आहे. वस्तूला जागा देणे म्हणजे शिस्त. माणसाला जागेवर बांधून ठेवणे म्हणजे जुलूम. या दोहोंत फरक करता आला नाही, तर जागेचे हे सारे तत्त्वज्ञान घरातल्या कर्त्या पुरुषाच्या सोयीचे ठरेल. कित्येक सुनांना आणि मुलींना हातातल्या मोबाइलने प्रथमच एक झाकलेला कोपरा दिला आहे. तो कोपरा हिसकावून ‘मेजावर या’ असे म्हणण्याचा अधिकार मला नाही.

म्हणून आमच्या घरी आता एक नियम आहे. जो कोणी मेजापाशी बसला असेल, त्याच्या पाठीमागे कोणी उभे राहायचे नाही. पाळी ठरलेली, पाळीत काय केले, ते सांगावेसे वाटले तर सांगावे. पहिली पाळी मुलीची, दुसरी तिच्या आईची, आणि माझी रात्री सगळे निजल्यावर. सौभाग्यवतीने तिच्या पाळीत बचतगटाचा हिशेब शिकून घेतला. बाकी त्या वेळात ती काय वाचते ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसणे हेच मला आता घराच्या आरोग्याचे लक्षण वाटू लागले आहे. वस्तूची जागा सर्वांना दिसावी. माणसाचे मन सर्वांना दिसलेच पाहिजे, असे नाही.

मोबाइल माझ्याही खिशात आहे, आणि तो राहील. आईला रात्री बरे वाटेनासे झाले तर मी काही मेजाकडे धावणार नाही. पण रात्री निजताना तो आता मेजावर, त्या जाड्याभरड्या थोरल्या भावाशेजारी ठेवला जातो.

दिवाळीच्या आधी आपल्याकडे घर झाडून काढण्याची चाल आहे. त्या दिवशी घरातली प्रत्येक वस्तू उचलली जाते, पुसली जाते, आणि ‘ही कोठे ठेवायची?’ हा प्रश्न निदान एकदा तरी विचारला जातो. काही वस्तूंना जागा मिळते, काही माळ्यावर जातात, काही बोहारणीकडे. या वर्षी ज्यांना घरात नवे यंत्र आणायचे असेल, त्यांनी किंमत विचारण्याआधी घरातला एक कोपरा मोकळा करून पाहावा. तेथे उजेड येतो का, घरातली धाकटी तेथे निर्धास्त बसू शकेल का, आणि काम झाल्यावर तेथून उठावेसे वाटेल का, एवढे पाहावे. तसा कोपरा सापडला, तर यंत्र जुने असले तरी चालेल.